मोफत रुग्णाची दाद कोणी घ्यायची?

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता' या खटल्याचा निकाल दिला आणि देशभरच्या डॉक्टरमंडळींत एकच खळबळ उडाली. वैद्यकीय सेवा ही ग्राहक संरक्षण कायद्यातील 'सेवा' आहे आणि त्या सेवेत निष्काळजीपणा झाला तर रुग्णाला ग्राहक न्यायालयात भरपाई मागता येईल, असा त्या निकालाचा आशय होता. डॉक्टर आणि रुग्ण यांचे नाते दुकानदार-गिऱ्हाइकाच्या पातळीवर आणले, अशी तक्रार एका बाजूने झाली, तर रुग्णाला अखेर वाली मिळाला, असा आनंद दुसऱ्या बाजूने व्यक्त झाला. या गदारोळात निकालपत्रातील एका भागाकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. जे रुग्णालय कोणाकडूनच पैसे घेत नाही, सर्वांना सर्व उपचार मोफत देते, त्याची सेवा या कायद्याच्या कक्षेत येत नाही, असेही त्याच निकालात म्हटले होते.

या एका वाक्याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. सर्वांना मोफत उपचार देणारी रुग्णालये कोणती? मुख्यतः सरकारची. तेथे जाते कोण? ज्याच्यापाशी दुसरीकडे जाण्याची ऐपत नाही तो. म्हणजे खासगी रुग्णालयात पैसे मोजणाऱ्याला सोपा, स्वस्त आणि तुलनेने जलद मार्ग मोकळा झाला आणि ज्याला त्याची सर्वाधिक गरज, तोच दाराबाहेर राहिला.

महाराष्ट्रात या प्रश्नाला अलीकडे नवी धार आली आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार मोफत झाले. केसपेपरचे पैसेही बंद झाले. निर्णय चांगलाच होता आणि त्याचे स्वागत झाले ते योग्यच झाले. परंतु १९९५ च्या निकालाचे तर्कशास्त्र लावले, तर या निर्णयाचा एक परिणाम असा होतो की, या रुग्णालयांतील रुग्णाचा ग्राहक आयोगाकडे जाण्याचा उरलासुरला आधारही गेला. पूर्वी यांपैकी काही रुग्णालयांत काही रुग्णांकडून चाचण्यांचे वा शस्त्रक्रियेचे थोडेफार शुल्क घेतले जाई, त्यामुळे निदान वाद घालायला जागा होती. आता तीही राहिली नाही. बिल माफ झाले आणि त्याबरोबर दाद मागण्याचा हक्कही, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, माफ झाला.

तीन वर्ग, एक भिंत

शांता निकालाने रुग्णालयांचे तीन वर्ग केले. सर्वांना मोफत उपचार देणारी रुग्णालये कायद्याबाहेर. सर्वांकडून पैसे घेणारी कायद्याच्या आत. आणि काहींकडून पैसे घेऊन काहींना मोफत उपचार देणारी रुग्णालयेही आत, इतकेच नव्हे तर तेथील मोफत रुग्णसुद्धा ग्राहक. कारण, न्यायालय म्हणाले, पैसे भरणाऱ्यांच्या जिवावरच मोफत रुग्णांचा खर्च निघतो आणि मोफत रुग्णाला संरक्षण नाकारले तर त्याच्यावरच्या उपचाराचा दर्जा खालावेल.

हा शेवटचा युक्तिवाद मार्मिक आहे. ज्याला दाद मागता येत नाही त्याच्याकडे दुर्लक्ष होण्याचा संभव अधिक, हे न्यायालयाने येथे मान्य केले. मग हेच तत्त्व पूर्णपणे मोफत रुग्णालयाला का लागू होऊ नये? याचे उत्तर कायद्याच्या शब्दांत आहे. १९८६ च्या कायद्याने 'विनामूल्य दिलेली सेवा' व्याख्येतूनच वगळली होती. नोंदणीसाठी घेतलेले नाममात्र पैसे म्हणजे मोबदला नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. आम्ही कर भरतो आणि त्या करांतून रुग्णालय चालते, म्हणजे आम्ही मोबदला दिलाच आहे, हा युक्तिवादही त्याने फेटाळला. कर हा एखाद्या विशिष्ट सेवेचा मोबदला नसतो, हे कायद्याच्या पुस्तकात बरोबर आहे. पण मिठापासून मोबाइलपर्यंत प्रत्येक गोष्टीवर कर भरणाऱ्या शेतमजुराला ते पटवून देणे अवघड आहे.

पुढे २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्यातही विनामूल्य सेवेचे अपवादकलम जसेच्या तसे राहिले. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले की, सर्वांना मोफत उपचार देणाऱ्या रुग्णालयातील पगारी डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही. वकिलांच्या सेवेसंबंधी मे २०२४ मध्ये दिलेल्या निकालात दोन न्यायमूर्तींनी शांता निकालाचाच फेरविचार व्हावा असे सुचवले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्याची गरज नसल्याचे सांगितले. म्हणजे भिंत जेथे होती तेथेच आहे.

या भिंतीमुळे होणारी गंमत, अर्थात ज्याच्यावर वेळ येते त्याच्या दृष्टीने गंमत नव्हेच, पाहण्यासारखी आहे. राज्य विमा योजनेच्या रुग्णालयात गेलेला कारखान्यातील कामगार ग्राहक ठरतो, कारण त्याच्या पगारातून वर्गणी कापली जाते. रेल्वेच्या रुग्णालयात गेलेला रेल्वे कर्मचारी ग्राहक ठरतो, कारण उपचार हा त्याच्या नोकरीच्या अटींचा भाग आहे. हे दोन्ही निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिले. मोठ्या शहरातील ज्या शासकीय वा महापालिकेच्या रुग्णालयात काही रुग्णांकडून शुल्क घेतले जाते, तेथील गरीब रुग्णही ग्राहक. मात्र सुरगाण्याच्या किंवा एटापल्लीच्या ग्रामीण रुग्णालयात बाळंत होताना दगावलेल्या आदिवासी स्त्रीचा नवरा ग्राहक नाही. विम्यातून खर्च भागवला गेला तर ती सेवा मोबदला देऊन घेतलेली ठरते, असे शांता निकालच सांगतो. त्यामुळे महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेखाली दाखल झालेला रुग्ण ग्राहक आहे आणि त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर योजनेबाहेर उपचार घेणारा नाही, असाही वाद उद्या उभा राहू शकतो. एकच डॉक्टर, एकच परिचारिका, एकच सलाईन आणि दोन खाटांना दोन कायदे!

दिवाणी न्यायालयाची पायरी

ग्राहक आयोगाचे दार बंद असले तरी दुसरी दारे उघडी आहेत, असे यावर सांगितले जाते. ते खोटे नाही. १९९५ च्या निकालातही दिवाणी दाव्याचा मार्ग मोकळा असल्याचे म्हटले आहे. हा मार्ग किती लांबीचा आहे, हे पाहण्यासाठी महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ.

जुलै १९६३ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, शासकीय रुग्णालयात एक स्त्री बाळंत झाली. काही दिवसांनी तिच्यावर कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तिला ताप आणि पोटदुखी सुरू झाली. दुसऱ्या डॉक्टरांनी पोट पुन्हा उघडले तेव्हा आत शस्त्रक्रियेच्या वेळचा कापडी बोळा राहिलेला सापडला. त्याच महिन्यात ती गेली. नवऱ्याने आणि मुलांनी दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६ हजार रुपयांची भरपाई मंजूर केली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. रुग्णालय चालवणे हे राज्याचे सार्वभौम कार्य असल्यामुळे तेथील नोकरांच्या चुकीबद्दल शासनाला जबाबदार धरता येत नाही, असे एक कारण त्यासाठी दिले गेले. फेब्रुवारी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'अच्युतराव खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालात हे मत खोडून काढले. पोटात बोळा राहणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा आहे, कोणत्या हाताने तो राहिला हे रुग्णाच्या नातेवाइकांनी शोधत बसण्याचे कारण नाही आणि आपल्या नोकरांच्या कृत्यांबद्दल शासन जबाबदार आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ३६ हजारांचा हुकूम पुन्हा कायम झाला. मध्ये ३३ वर्षे गेली होती. ज्या बाळाच्या जन्मासाठी ती स्त्री रुग्णालयात गेली होती, ते बाळ तोवर तिशी ओलांडून गेले असणार.

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या लोकांनी उगाच केलेली नाही. शासनावर दिवाणी दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. मग वकील, कोर्ट फी, तज्ज्ञाची साक्ष, तारखा. हे सर्व ज्याला झेपते तो बहुधा सरकारी रुग्णालयात गेलेलाच नसतो. उलट ग्राहक आयोगात वकिलाशिवाय उभे राहता येते आणि मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीचे शुल्कही लागत नाही. दोन मार्गांतील हा फरक केवळ सोयीचा नाही. गरीब माणसाच्या बाबतीत तो हक्क असण्या-नसण्याचाच फरक ठरतो.

राज्याच्या सार्वभौमत्वाचे हे जुने कवच इंग्रज अमदानीत तयार झाले. खुद्द इंग्लंडने १९४७ मध्ये कायदा करून ते उतरवले. आपल्याकडे विधी आयोगाने आपल्या पहिल्याच अहवालात, १९५६ मध्ये, शासनाच्या भरपाईच्या जबाबदारीबद्दल स्वतंत्र कायदा करावा अशी शिफारस केली. १९६५ आणि १९६७ मध्ये तशी विधेयके संसदेत आली आणि बारगळली. त्यानंतर हा विषय न्यायालयांवर सोडून दिला गेला आणि न्यायालयांनी तो तुकड्यातुकड्यांनी, एकेका विधवेच्या, एकेका जखमीच्या खटल्यातून पुढे नेला.

असाच एक तुकडा कलकत्त्याचा आहे. जुलै १९९२ मध्ये आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या एका मजुराला कलकत्ता परिसरातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, यंत्र नाही म्हणून परत पाठवले. अखेर खासगी रुग्णालयात त्याचा जीव वाचला. मे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'पश्चिम बंग खेत मजदूर समिती' या खटल्यात सांगितले की, तातडीचे उपचार वेळेवर न मिळणे हा घटनेच्या २१ व्या कलमाचा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब शासनाला सांगता येणार नाही. त्या मजुराला २५ हजार रुपये मिळाले. तत्त्व म्हणून हा निकाल मोलाचा आहे. परंतु घटनेच्या आधारे रिट करायचे तर उच्च न्यायालय गाठले पाहिजे. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि २०२५ पासून कोल्हापूर, एवढ्या ठिकाणी ते भेटते. शिवाय नेमके काय घडले याबद्दलच वाद असेल, तर दिवाणी न्यायालयात जा, असे तेथे सांगितले जाण्याचीच शक्यता अधिक.

चोर सोडून संन्याशाला

उरले तिसरे दार, पोलीस ठाण्याचे. ते रात्रंदिवस उघडे असते आणि तेथे फी लागत नाही. म्हणूनच मोठी दुर्घटना घडली की सगळा रोख तिकडे वळतो. त्यातून काय निष्पन्न होते, हे महाराष्ट्राने २०२१ या एकाच वर्षात तीनदा पाहिले.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली. २१ एप्रिलला नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक करोनाग्रस्त काही मिनिटांत प्राणवायूवाचून गेले. ६ नोव्हेंबरला तेव्हाच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता कक्ष पेटला आणि अकरा रुग्ण त्याच दिवशी मरण पावले. भंडाऱ्यात वरिष्ठांवर निलंबन-बदलीची खातेनिहाय कारवाई झाली आणि पोलिसांचा गुन्हा दाखल झाला तो दोन परिचारिकांवर. नगरमध्ये सुरुवातीला अटक झाली ती एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना.

रात्रपाळीला कक्षात कोण हजर होते, याची चौकशी झालीच पाहिजे. एखादी परिचारिका जागेवर नसेल तर तिला जाब विचारलाच पाहिजे. पण वायरिंग कोणी तपासायचे होते? अग्निसुरक्षेची व्यवस्था बसवण्याचे प्रस्ताव कोणत्या टेबलावर पडून होते? पैसे कोणी मंजूर करायचे होते? या प्रश्नांची उत्तरे ज्या फायलींत आहेत त्या फायलींना हातकड्या घालता येत नाहीत. फौजदारी कायदा हात शोधतो आणि सापडतो तो सर्वांत जवळचा, सर्वांत खालचा हात. 'चोर सोडून संन्याशाला सुळी' म्हणतात ते हेच.

डॉक्टरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००५ च्या 'जेकब मॅथ्यू' निकालात काही संरक्षण घालून दिले. साधी चूक म्हणजे गुन्हा नव्हे, निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा हवा आणि गुन्ह्याचा तपास पुढे नेण्यापूर्वी पोलिसांनी दुसऱ्या डॉक्टरचे, शक्यतो शासकीय सेवेतील डॉक्टरचे, निःपक्ष मत घ्यावे, असे त्यात म्हटले आहे. खासगी डॉक्टरसंबंधी ही तरतूद ठीक आहे. पण आरोपच शासकीय रुग्णालयावर असेल तर मत देणारे आणि ज्याच्याबद्दल मत द्यायचे ते, दोघेही एकाच खात्याच्या पगारपत्रकावर असतात. अशा मताने रुग्णाच्या नातेवाइकांचे समाधान होत नाही आणि डॉक्टर निर्दोष असला तरी त्याच्यावरचा संशय फिटत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने यात आणखी एक विसंगती भरली आहे. तिच्या १०६ व्या कलमानुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना तसे घडले तर कमाल शिक्षा दोन वर्षे. आता नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक म्हणजे ज्याचे नाव वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत आहे तो डॉक्टर. परिचारिका त्यात येत नाही, तंत्रज्ञ येत नाही, वॉर्डबॉय येत नाही. म्हणजे एकाच खाटेपाशी घडलेल्या एकाच चुकीसाठी डॉक्टरला दोन वर्षांची मर्यादा आणि सिस्टरला पाच वर्षांची! ज्यांच्या हाती सर्वांत कमी अधिकार, त्यांच्या वाट्याला सर्वांत जास्त शिक्षा, असा हा न्याय आहे.

चौकशी जिना चढते तेव्हा

जबाबदारी वरपर्यंत शोधता येते, याचा दाखलाही महाराष्ट्रातच आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. औषध म्हणून आलेल्या त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य होते. वॉर्डातल्या ज्या परिचारिकांनी ते रुग्णांना दिले त्यांनाच दोषी ठरवून मोकळे होणे सोपे होते. पण न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने बाटलीचा माग काढला. ती खरेदी कशी झाली, निविदा कशा निघाल्या, तपासणीशिवाय माल कसा आला, अन्न व औषध प्रशासन काय करीत होते, मंत्रालयातून कोणाचे हात कसे फिरले, हे सर्व त्यांनी उघड केले. १९८७ च्या या अहवालानंतर आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. लेंटिन अहवाल आजही वाचावा असा आहे, कारण रुग्णालयातील मृत्यू रुग्णालयाच्या आवाराबाहेर कसा तयार होतो, हे त्याने दाखवले.

हा धडा आपण किती विसरलो ते नांदेडने दाखवले. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण मरण पावले, त्यांपैकी १२ नवजात अर्भके होती. त्याआधी ऑगस्टमध्ये ठाण्याजवळच्या कळवा येथील महापालिका रुग्णालयात एका दिवसात १८ मृत्यू झाले होते. नांदेडला एक खासदार पोहोचले आणि त्यांनी अधिष्ठात्यांना हातात झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावले. त्याची छायाचित्रे देशभर गेली. या खासदारांवर गुन्हा नोंदला गेला, अधिष्ठात्यांवरही एका मृत रुग्णाच्या नातेवाइकाच्या तक्रारीवरून गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयाने मात्र आपणहून दखल घेऊन वेगळेच प्रश्न विचारले. मंजूर पदे किती, भरलेली किती, औषधखरेदीची व्यवस्था काय? रुग्णांचा ताण होता असे सांगून शासनाला हात झटकता येणार नाहीत, असेही सुनावले. खरी विचारपूस ही आहे. पण ती प्रत्येक मृत्यूमागे होत नाही. एका दिवसात चोवीस गेले तर उच्च न्यायालय जागे होते, रोज एक-एक गेला तर कोणीच विचारत नाही.

डॉक्टरांची बाजू येथे समजून घेतलीच पाहिजे. मंजूर खाटांच्या कितीतरी अधिक रुग्ण, रिक्त पदे, सलग छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्युट्या, बाहेरून आणायला सांगावी लागणारी औषधे, अशा स्थितीत काम करणाऱ्या निवासी डॉक्टरला प्रत्येक चुकीसाठी एकट्याला धरले तर तो काय करील? तो अवघड रुग्ण हातच लावायला नको म्हणून पुढे पाठवील. ग्रामीण रुग्णालय जिल्ह्याला पाठवते, जिल्हा रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला पाठवते आणि रुग्ण रुग्णवाहिकेत दगावतो. ज्याला कायद्याने दाद मिळत नाही तो हात उगारतो, हेही आपण पाहतो आहोत. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या रुग्णालयात जमावाच्या मारहाणीत एका निवासी डॉक्टरच्या डोळ्याला गंभीर इजा झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर काम बंद करून बसले. अशा हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. हल्ला हा गुन्हाच आहे, त्याला समर्थन नाही. परंतु नातेवाइकाला रागाऐवजी अर्ज घेऊन जाता येईल अशी एकही खिडकी रुग्णालयात नसावी, हेही बरे नव्हे.

आधी शासन, मग माणूस

मग करायचे काय? उत्तर फार दूर शोधावे लागत नाही. आपल्याच एका सरकारी योजनेत त्याचे बीज आहे. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांतील गैरप्रकारांबद्दलच्या एका जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आदेश दिले आणि त्यानंतर अशा शस्त्रक्रियेत मृत्यू झाला, गुंतागुंत झाली किंवा शस्त्रक्रिया फसली, तर ठरावीक रक्कम देण्याची देशव्यापी योजना सुरू झाली. त्यापूर्वी अशा स्त्रियांना काय करावे लागे? हरियाणातील एका मजूर स्त्रीची १९८८ मध्ये शासकीय रुग्णालयात अशी शस्त्रक्रिया झाली, तरीही तिला मूल झाले. एकाच बाजूची नलिका बांधली गेल्याचे निष्पन्न झाले. तिला भरपाई देण्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडत गेले आणि २००० मध्ये हरले. रक्कम होती अवघी ५४ हजार रुपये. नव्या योजनेत डॉक्टरचा दोष सिद्ध करण्याची अट नाही. घटना घडली एवढे दाखवले की ठरलेली रक्कम मिळते. डॉक्टरवर दावा झाला तर त्याचाही खर्च योजनेतून ठरावीक मर्यादेपर्यंत दिला जातो.

एका शस्त्रक्रियेपुरते जे जमले ते प्रसूतीच्या बाबतीत, नवजात बाळाच्या बाबतीत, भूल दिलेल्या रुग्णाच्या बाबतीत का जमू नये? राष्ट्राला लोकसंख्या आवरायची होती म्हणून तेथे शासनाने जबाबदारी घेतली, एवढाच फरक असेल तर तो शोभणारा नाही.

यासाठी पहिली गरज राज्याच्या स्वतंत्र कायद्याची आहे. शासनाच्या वा स्थानिक संस्थेच्या रुग्णालयात टाळता येण्याजोगी हानी झाली, तर पहिली आणि थेट जबाबदारी शासनाची, हे त्यात निःसंदिग्ध लिहिले पाहिजे. रुग्णाने शासनाकडे मागावे. कोणत्या डॉक्टरचा, कोणत्या सिस्टरचा दोष, हे शासनाने आपल्या घरात शोधावे आणि ढोबळ बेपर्वाई वा नशापाणी अशा बाबी वगळता त्यांच्याकडून वसुली करू नये. ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्य सेवेने १९९० पासून आपल्या रुग्णालयांतील डॉक्टरांच्या निष्काळजीपणाच्या भरपाईचा भार स्वतःकडे घेतला, तो याच विचाराने. दुसरी गरज आहे जिल्हा पातळीवर, आरोग्य खात्याच्या बाहेरच्या, न्यायिक अधिकारी आणि अन्य जिल्ह्यांतील तज्ज्ञ असलेल्या चौकशी मंडळाची. त्याचे निष्कर्ष रुग्णाच्या कुटुंबाला लेखी आणि मराठीत मिळाले पाहिजेत. वैद्यक परिषदेचे नियम २००२ पासून सांगतात की, मागणी केल्यावर ७२ तासांत रुग्णाला कागदपत्रे दिली पाहिजेत. सरकारी रुग्णालयात हा नियम भिंतीवर लावला तरी निम्मे वाद मिटतील. तिसरी गरज संसदेने भागवायची आहे. ग्राहक कायद्यातील विनामूल्य सेवेच्या अपवादातून सार्वजनिक आरोग्यसेवा वगळणारी एका ओळीची दुरुस्ती त्यासाठी पुरेल.

यावर हमखास घेतला जाणारा आक्षेप पैशाचा आहे. भरपाई देत बसले तर औषधांना पैसे कोठून आणायचे? हा आक्षेप उलटा आहे. आज भंडाऱ्यासारखी दुर्घटना घडली की दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्री निधीतून मदत जाहीर होते. ती कृपा असते आणि कॅमेरे असतील तेथेच ती पोहोचते. हक्काची भरपाई अंदाजपत्रकात दिसते, ती लेखापरीक्षकाच्या नजरेला पडते. रिक्त पद न भरल्याची, फायर ऑडिट न केल्याची किंमत आज शून्य आहे, कारण ती सगळी रुग्ण भरतो. ती किंमत वित्त विभागाच्या खात्यात दिसू लागली, तर वायरिंगचा प्रस्ताव वर्षभर पडून राहणार नाही.

मोफत उपचार ही शासनाने घातलेली भिक्षा आहे, असे आपल्या व्यवस्थेच्या मनात अजून कोठेतरी आहे. दान दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत, ही त्यामागची वृत्ती. पण १५ ऑगस्टचा मुहूर्त धरून उपचार मोफत केले ते नागरिकाचा हक्क म्हणून, असेच शासनाने सांगितले पाहिजे. आणि जो हक्क मोडला असता कोठेच दाद मागता येत नाही, त्याला हक्क म्हणण्याची पद्धत नाही. मोफत उपचारांची घोषणा अर्धी झाली आहे. उरलेला अर्धा भाग कायद्याचा आहे आणि तो विधिमंडळाने लिहायचा आहे.